बाबांच्या बोटांपुरती ऊब

१७ नोव्हेंबर

एका माणसाची बोटं गरम राहावीत म्हणून किती मोठी जागा गरम करावी लागते? मला सांगता येत नाही. पदवी पर्यावरण विज्ञानाची, घरात पहिलीच. आईने प्रमाणपत्र चौकटीत घालून माझ्या पलंगावर टांगलंय. त्यात याचं उत्तर नाही!

बाबा गॅरेजमध्ये लाकडाचे मासे कोरतात. हिवाळ्यात इथलं तळं गोठलं की बर्फाला भोक पाडायचं, मासा दोरीने खाली सोडायचा आणि त्याला भुलून खरा मासा आला की भाला मारायचा. बाबांचे मासे पोहतात असे की तळ्यावर सगळ्यांना तेच हवे असतात. पण जन्मभर खाणीत ड्रिल धरून बोटांची वाट लागलीय. गारठा लागला की पांढरी पडतात, मेल्यासारखी. आज हातातून चाकू पडला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

"लागलं का बाबा?"

"वाईट नाही." पाय तुटला तरी बाबा हेच म्हणतील.

ठरवलं — गॅरेज मी गरम करणार. आणि तेही काहीही न जाळता!

२३ नोव्हेंबर

शेजारच्या गॉर्डीकाकांकडून बिअरचे रिकामे डबे आणले. बुडं कापली, काळे रंगवले, एकावर एक चिकटवून नळ्या केल्या, काचेच्या पेटीत बसवून दक्षिणेच्या भिंतीला लावल्या. उन्हाने डबे तापणार, गरम हवा आत जाणार.

"विज्ञानासाठी लागतात हे आधी सांगायचंस ना पोरी," गॉर्डीकाका म्हणाले, "आणखी मन लावून प्यायलो असतो!"

२९ नोव्हेंबर

चालतंय! खरंच गरम हवा येते! भर दुपारी. तेव्हा बाबा जेवून घोरत असतात. ते उठेपर्यंत सूर्य पाइनच्या झाडांमागे. सूर्य आणि बाबा यांची वेळ जुळवायला मला कुणी शिकवलेलं नाही.

४ डिसेंबर

गॉर्डीकाकांनी बाबांना विचारलं, "काय एइनो, पोरीचे डबे कसे आहेत?"

बाबांनी भिंतीवरच्या डब्यांकडे पाहिलं. "वेगळेच आहेत."

आमच्याकडे कुणी 'वेगळंच आहे' म्हणालं की समजायचं, घास गिळवत नाहीये. तत्त्व गुंडाळून ठेवलं आणि विजेचा हीटर आणला. आईने ओव्हन लावला की फ्यूज उडतो. "एक काय ते ठरव," आई ओरडली, "तुझे बाबा भाजायचे की बटाटे?"

बटाटे जिंकले.

९ डिसेंबर

डुलुथ शहरातल्या शाळेतून फोन. जानेवारीपासून इथे राहून विज्ञान शिकवायला याल का? "गॅरेज झालं की कळवते," मी म्हणाले. पलीकडून दोनदा विचारलं, "काय झालं की?"

"आणि गॅरेज कधी होणार?" आईने विचारलं. माझ्याकडे न बघता.

१३ डिसेंबर

गॅसचा हीटर टांगला. हो, जाळणारा. भिंतींना, दाराला फोमच्या पाट्या ठोकल्या. बाबा संध्याकाळभर कोरत बसले! बोटं गुलाबी! नवा मासा न्हाणीघरातल्या टबात सोडून पाहिला — झकास वळतो. आंघोळीसाठी मी आणि आई बाहेर ताटकळत उभ्या.

आनंदाच्या भरात बाबांची गाडीही आत घेतली. बिचारी बर्फाने लडबडली होती.

१४ डिसेंबर

हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गाडीवरचा बर्फ वितळणार, पाणी दाराकडे वाहणार, आणि उंबऱ्याशी गोठणार. सकाळी मी दाराचं बटण दाबलं. मोटार गुरगुरली, काहीतरी कडाडलं. दार वर गेलं. खालचा पट्टा जमिनीला चिकटून तिथेच राहिला. गॅरेजभर वारा.

बाबा बघत राहिले. मी वाट बघत होते — 'वाईट नाही' म्हणतील.

ते खिशात हात घालून घरात गेले.

१७ डिसेंबर

नवं दार वसंतात मिळेल. बाबा खिडकीत बसून असतात. गॉर्डीकाका माशाचं विचारायला आले, तर "यंदा नाही."

मी म्हटलं, "बाबा, स्वयंपाकघरात बसा ना."

"माझ्या रश्श्यात भुसा?" आई म्हणाली. मग पातेल्यावर झाकण ठेवत, "घरात सगळ्यात उबदार खोली हिची. खाली घर तापवायची भट्टीच आहे."

"पोरीची खोली पोरीची," बाबा म्हणाले. "राहतेय ना ती."

१८ डिसेंबर

राहतेय ना ती!

आणि मी महिनाभर भिंतींना फोम ठोकतेय. खरं सांगायचं तर वर्गासमोर उभं राहायच्या विचाराने माझी बोटं बाबांपेक्षा जास्त पांढरी पडतात. गॅरेज नीट व्हायला नको असलेली एकच व्यक्ती घरात होती, आणि काम नेमकं तिच्याकडेच दिलेलं.

२० डिसेंबर

बाबा चर्चमधल्या मासळीच्या जेवणाला गेले होते. तेवढ्यात आईने आणि मी माझा पलंग खोलला. त्याच्या फळ्यांचं बाक केलं, खिडकीशी. प्रमाणपत्र उतरवलं, त्या खिळ्याला बाबांचा चाकू टांगला.

बाबा दारातच थांबले. हात खिशातून काढले.

"मग तू झोपणार कुठे?"

"डुलुथला."

शाळेला होकार मी सकाळीच कळवला होता.