जड पाण्यावर उपाय

३ फेब्रुवारी
पुन्हा तेच! पोराचा फोन. "बाबा, मागच्या वेळी छकुलीच्या अंगावर पुरळ उठलं ते तुमच्या विहिरीच्या पाण्यानं. डॉक्टर म्हणाले, पाणी फार जड आहे. पुढच्या महिन्यात येतोय आम्ही, तोवर काहीतरी करा. नाहीतर घर विकून टाकू, तुम्ही आणि आत्या इकडे फ्लॅटवर या."
सातव्या मजल्यावर! खिडकीला जाळी, दाराला दोन कुलपं. मागे चार दिवस राहिलो तर ताप आला होता. मी जाणार नाही. पण नातीला पुन्हा पुरळ उठलं तर कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

४ फेब्रुवारी
अक्काला सांगितलं. मान वर न करता म्हणाली, "या पाण्यात कडधान्य शिजता शिजत नाही, हे मी आल्यापासून सांगतेय. माझं कोण ऐकतंय! नातीच्या पुरळाला मात्र किंमत."
बायको गेली तेव्हापासून अक्काच घर बघते. मोठी बहीण. उलट बोलायची सोय नाही.

७ फेब्रुवारी
फिल्टरच्या दुकानाचा माणूस आला. एवढ्या उन्हात गळ्यात टाय! बाटलीत पाणी घेतलं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकत बसला. रंग काही बदलेना. "काका, हे पाणी नाही, पातळ केलेला चुना आहे."
अक्का दारातून — "मग जाताना मागची भिंत रंगवून जा."
त्याचं म्हणणं असं. आरओ घेतलं तर पिण्यापुरतंच शुद्ध होणार, आणि निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जाणार. आंघोळीला उपयोग शून्य. सॉफ्टनर घेतला तर घरभर मऊ पाणी, पण त्याच्या टाकीत मीठ घालत राहायचं. पाइपला बांधायचं लोहचुंबकही आहे, स्वस्तात. त्याची गॅरंटी नाही. मग सांगतोस कशाला!
पत्रक ठेवून गेला. अर्धं इंग्रजी. माझी सातवी, तीही ढकलपास.

८ फेब्रुवारी
मीठ! अक्काला ब्लडप्रेशर आहे, डॉक्टरांनी मीठ तोडलंय. टायवाल्याला फोन केला. म्हणाला, मिठाचा अंश पाण्यात उतरतो, थोडासा. थोडासा म्हणजे किती? एका बाजूला नात, एका बाजूला बहीण. लोक म्हणतात इकडे आड तिकडे विहीर. मला आडही नाही. विहीर एकच, आणि मी तिच्या तळाशी.

११ फेब्रुवारी
शेजारच्या निवृत्त कंपाउंडरनं चुंबक बसवलंय, ते बघून आलो. किटलीत आत पांढरा थर, नखानं निघेना. "फरक पडतो का?" विचारलं. "पडतो ना," म्हणाला, "मनाला."


१४ फेब्रुवारी
टायवाल्याला धरून बसवलं. सॉफ्टनर फक्त न्हाणीघराच्या पाइपवर बसवायचा, स्वयंपाकघराला पाणी जाईल ते यंत्राच्या अलीकडून, वेगळ्या पाइपनं. अक्काच्या पोटात मीठ नाही! तो म्हणाला, "काका, सगळे असंच करतात." मग आठवडाभर तोंड शिवलं होतं का?

२० फेब्रुवारी
प्लंबरनं करवत लावली आणि पाइप खाडकन तुटला. आतून बोट जाईल एवढीच वाट, बाकी सगळा क्षार. "आजोबा, लोखंड कधीच गंजून गेलंय. क्षारानंच पाइप उभा धरला होता." न्हाणीघराचे सगळे पाइप नवीन टाकावे लागले. घरभर चिखल. अक्का अख्खा दिवस फरशी पुसत होती.

२२ फेब्रुवारी
मऊ पाणी आलं! अक्का न्हाणीघरातून ओरडते — "अरे, साबण निघतच नाहीये! किती ओतू? मासोळीसारखी निसटतेय मी!" टायवाला म्हणतो साबण निघालेला असतो, मऊ पाण्यात अंग तसंच लागतं. अक्का म्हणते, "त्याला म्हणावं, तू ये आणि घसरून दाखव."

१० मार्च
आले सगळे. सूनबाईनं छकुलीला आंघोळ घातली. मी दाराबाहेर उभा. पोर आत हसत होती. टॉवेलमध्ये आली तशी पाठ बघितली, मान बघितली. काही नाही. पण मागेही दोन दिवसांनीच उठलं होतं.

१३ मार्च
काही नाही! कातडी लोण्यासारखी. पोरगा म्हणाला, "राहिलं, बाबा. घर विकायचा विषय बंद." वर सूनबाई म्हणाली, "छकुलीसाठी घेतलेली माझी रजा वर्षभर आहे. आम्ही दोघी इथेच राहतो, मोकळी हवा तरी मिळेल." पोरगा कामासाठी उद्या एकटाच परत जाणार.
जिंकलो. बोलून बोलून घसा बसला. अक्का तेवढी आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

१४ मार्च
अक्का सकाळीच पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसली. "तुझा पोरगा फ्लॅटवर एकटा, त्याला जेवायला कोण घालणार? इथे आता सूनबाई आहे." मी म्हटलं, तुला सातव्या मजल्यावर करमेल का? "न करमायला काय झालं! नळ सोडला की पाणी. मोटर नाही, मीठ नाही, आणि दिवसभर अक्का-अक्का करणारा तू नाहीस." आणि हसली. इतक्या वर्षांत असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.
गाडीचं दार धरून मी म्हटलं — "अक्का, मलाही ने."