तिसऱ्या पानावरची पहिली ओळ

दिल्ली,
११ जानेवारी १९९९

ती. दीनाकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

इथे थंडीने बोटं वळत नाहीत, तरी हाताने लिहिते आहे. ई-मेल वाचायला सायबर कॅफेत पाऊल टाकणार नाही, असं तुम्ही गेल्या खेपेला बजावलंत ना! काकूचे गुडघे काय म्हणतात?

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. देशात कुठली रसायनं बनतात, वापरली जातात आणि त्यांतली घातक कुठली, याची राष्ट्रीय सूची आम्ही करतो. कारखान्यांनी पूर्वी भरून दिलेले तक्ते संगणकावर चढवायचं काम चालू आहे. एप्रिलपासून ही सूची कुणालाही पाहता येईल. डॉक्टरांना, कामगारांना, कारखान्याशेजारी राहणाऱ्यांनाही.

काल तुमच्या रंगाच्या कारखान्याचा १९८६ सालचा तक्ता हाती आला. सही बघायच्या आधीच ओळखला. पोटात आडवी रेघ मारलेला सात दुसरं कोण काढतं? आनंद झाला आणि मग तिसऱ्या पानावरच्या पहिल्या ओळीवर अडकले. एस-७, म्हणजे तुमची ती पिवळी भुकटी. धोक्याच्या रकान्यात तुम्ही डिट्टोच्या दोन रेघा दिल्या आहेत. तिच्या वरची ओळ, म्हणजे दुसऱ्या पानावरची शेवटची, साध्या मिठाची आहे. तिथे ‘धोका नाही’. त्यामुळे आमच्याकडे एस-७ लाही ‘धोका नाही’ असंच चढलं आहे. पण तुम्ही लिहिलेल्या रचनेवरून ती मूत्राशयाला अपाय करणाऱ्यांपैकी दिसते.

दुरुस्ती कंपनीने किंवा सही करणाऱ्याने लेखी द्यावी लागते, तीही ३१ मार्चच्या आत. कंपनी बंद झाली. राहिलात तुम्ही.

काकूला नमस्कार. पत्राची वाट पाहते, लोभ आहेच.

तुमची,
अस्मिता

---

कर्वेनगर, पुणे,
२२ जानेवारी १९९९

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सातव्या दिवशी पोचलं. टपालखातं अजून घाई करत नाही, हे बघून बरं वाटलं.

तुझी नजर चांगली आहे, आमच्याच घराण्यातली. माझ्या मूळ तक्त्यात एस-७ च्या वर एक विषारी पदार्थ होता, म्हणून डिट्टो बरोबर होतं. तक्ता पाठवायच्या दिवशी मॅनेजरसाहेबांना साक्षात्कार झाला की नावं ए-बी-सी-डीच्या क्रमाने हवीत. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी सगळं पुन्हा उतरवलं. ओळी हलल्या, रेघा होत्या तशाच उतरल्या. झालं ते इतकंच.

आता तेरा वर्षांनी हे उकरून काय साधणार? कारखाना पाडला, त्या जागेवर संगणकवाल्यांची काचेची इमारत उभी राहते आहे. एस-७ आता तिथे कुणी करत नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीला शेवटी दोन रेघांचं गालबोट लावून घ्यायची मला हौस नाही. ‘माहिती अपूर्ण’ असा काही रकाना तुमच्या सूचीत असेलच, त्यात टाक आणि मोकळी हो.

थंडीत कान झाकून जात जा. आमचा आशीर्वाद घ्यायला सायबर कॅफे लागत नाही.

तुझा,
दीनाकाका

ता. क. अस्मिता, मी काकू. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी घुसडते. तुझं पत्र आल्यापासून यांचं जेवणात लक्ष नाही, हे माळ्यावर चढून जुन्या फायली काढतात आणि मला काही सांगत नाहीत. तुझा आवडता डिंकाचा लाडू पुढच्या पार्सलात. संक्रांतीला संपत येऊन गेला, कारखान्याच्या सुकवण शेडमधला, वारज्याला राहतो तो. फार वाळलाय. लघवीतून रक्त जातं म्हणाला. मूतखडा म्हणून औषध चालू आहे. तुझी, हेमाकाकू.

---

दिल्ली,
२ फेब्रुवारी १९९९

ती. दीनाकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

आज इकडचं तिकडचं काही लिहीत नाही.

काकूचा ता. क. वाचला. तुम्ही तो वाचला नसावा. एस-७ सुकवण शेडमध्येच सुकायची ना? संपतला मूतखडा असेलही. पण त्याच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्ये आमची सूची उघडली, तर तिथे तुमच्या सहीनिशी ‘धोका नाही’ दिसेल आणि ते पुढे शोधणार नाहीत.

ती ओळ माझ्या मनाने बदलता येते, संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे. पण मग पुढची ओळ दुसरा कुणी त्याच्या मनाने बदलेल. ‘माहिती अपूर्ण’ म्हटलं तर ती ओळ लोकांसाठीच्या प्रतीतून गळेल, आणि माहिती अपूर्ण नाही, तुमच्यापाशी आहे. मला तुमचा राग आला आहे, काका, आणि तो आल्याचं वाईटही वाटतं आहे. सूचीची वाट न बघता आधी संपतला गाठा.

लोभ कमी झालेला नाही.

तुमची,
अस्मिता

---

कर्वेनगर, पुणे,
२६ फेब्रुवारी १९९९

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी बसने वारज्याला गेलो. संपतच्या घरी चहा झाला आणि मग सगळं सांगितलं. त्याने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तो तक्ता सरकारला गेल्यावर त्याचीच प्रत सुरक्षा अधिकाऱ्याने शेडच्या भिंतीवर चिकटवली आणि मिठासारखाच माल आहे म्हणून शेडचे हातमोजे, मुखपट्ट्या बंद केल्या. कारखाना बंद होईपर्यंत, दहा वर्षं. मी प्रयोगशाळेत बसायचो, शेडमध्ये कधी डोकावलो नाही. मी विचारलं, तुम्ही कुणी तक्रार कशी केली नाही? तो म्हणाला, “साहेब, कागदावर तुमची सही होती. मग काय विचारायचं?”

त्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. कोणती भुकटी, किती वर्षं, सगळं मीच सांगितलं. दुर्बीण घालून पाहिलं. गाठ आहे, लहान आहे, वेळेत सापडली म्हणतात. पुढच्या आठवड्यात काढतील. शेडमधल्या बाकीच्यांनाही तपासायला आणा म्हणाले.

सोबत स्टँप पेपरवर दुरुस्ती पाठवतो आहे. एस-७, घातक, मूत्राशयास अपायकारक, १९८६ च्या तक्त्यातील नोंद माझ्या चुकीने झाली. खाली सही.

दुसरा कागद तुझ्या सूचीत बसत नसेल, तरी फायलीला लाव. त्यात संपत सोडून शेडमधल्या सहाजणांची नावं आहेत. पहिल्या पाचजणांपुढे लिहिलं आहे, सुकवण शेड, एस-७ शी दहा वर्षं संपर्क, तपासणी आवश्यक. हेमा म्हणाली, सगळ्यांपुढे तेच तर लिहायचंय, एकदा लिहा आणि खाली डिट्टो द्या, डोळ्यांना कशाला ताण. मी पाचही जणांपुढे अक्षर न् अक्षर लिहिलं.

सहावं नाव महिपतीचं. दोन वर्षांपूर्वी गेला, घरच्यांना मूत्रपिंडाचा आजार म्हणून सांगितलं होतं. त्याच्यापुढे ‘दहा वर्षं संपर्क’ इथवर लिहिलं. त्यापुढचा रकाना कोरा ठेवला आहे. तिथे काय लिहायचं, ते तुमच्या नियमांत असेल तर कळव.

हेमाने लाडू वेगळे पाठवले आहेत. माझ्यावरचा राग सावकाश गेला तरी चालेल.

तुझा,
दीनाकाका