सुकट आधी भाजायची

हर्णे, मंगळवार संध्याकाळ

मासळीच्या लिलावावरून घरी आले तोच निलेशचा फोन. स्वतःहून!

"आई, तू दिलेली सुकट आधी भाजायची का धुवायची?"

आधी भाजायची मेल्या, मग धुवायची. नाहीतर उग्र वास राहतो.

म्हणाला, "दुबईत हे सगळं मोबाइलमधल्या चॅटबॉटला विचारायचो. इथे कामासाठी आलोय त्या नव्या देशात तो उघडतच नाही."

का रे? तर म्हणे, कुठे सरकार बाहेरचे चॅटबॉट चालू देत नाही, कुठे ते बनवणारी कंपनीच सेवा देत नाही.

म्हणजे तो बंद, म्हणून आई आठवली. यात आनंद मानू का? पण सुकट भाजून होईस्तोवर बोलत होता.

पुढच्या महिन्यात परत दुबईला जाणार.

कोकम कधी घालायचं, ते मी मुद्दाम सांगितलं नाही.