वन्संचं संध्याकाळचं ताट

३ ऑगस्ट, सोमवार

परत ताट आलं! दिवेलागणीला, फडक्याने झाकलेलं. आत केके, पिठाचे गोड गोळे. तळलेले, टम्म फुगलेले, हाताला चटका बसेल इतके गरम. नणंदबाई मेलियामे स्वतः घेऊन आली. ती दारात दिसली की माझा नवरा सितिवेनी मागच्या दाराने बाहेर. भावाने बहिणीसमोर पाय पसरून बसू नये, मलाही मान्य. पण हा तसाच कावा, म्हणजे ते मुळांचं गुंगीचं पाणी, प्यायला गेला, आणि ताटासमोर उरले मी.

"लेसिएली, माझ्याकडे राहिले असते तर मीच खाल्ले असते गं. म्हणून तुझ्याकडे आणले!"

तोंडावर सांगते! वर हसते!

परत पाठवता येत नाही. नवऱ्याची थोरली बहीण. तिच्यापुढे या घरात माझी किंमत डुकरांपेक्षा जराशी वर. डुकरांना घातले असते तर उद्या गावभर झालं असतं.

खाल्ले. सगळे.

४ ऑगस्ट

आज सकाळीच लिहून ठेवते, म्हणजे संध्याकाळी हात ताटाकडे गेला की हे पान वाचता येईल.

ऑकलंडच्या आपल्या मंडळीने तिकडचं विमानाचं एक तिकीट पाठवलंय. आपल्या चर्चमधल्या ज्या बाईचं वजन सगळ्यांत जास्त उतरेल तिला. जुलैत पहिलं वजन झालं, चर्चची झाडलोट करायला जमलो होतो तेव्हा, घरच्याच कपड्यांत. शेवटचं सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. आणि ऑक्टोबरच्या तोंडाला सोआनेची बायको बाळंत होणार, तिकडे ऑकलंडला. माझा एकुलता एक मुलगा, माझं पहिलं नातवंड. ते तिकीट माझं आहे!

पण मेलियामेलाही हवंय. तिला मूलबाळ नाही, नवरा गेला, सोआनेवर जीव, सगळं खरं. पण आधीच तिला काय कमी आहे? बाळाचं नाव तीच ठेवणार. आमच्यात नाव बापाची बहीण ठेवते; मला मुलगी नाही, म्हणजे तो मान तिचाच. सोआनेचं नावही तिनेच ठेवलं होतं. मला माझ्या वडिलांचं, फेलेती, ठेवायचं होतं. मला विचारलंसुद्धा नाही!

बाळाला पहिलं मांडीवर मी घेणार. तेवढं तरी माझं असू दे.

८ ऑगस्ट, शनिवार

वजन झालं. मी — थोडं उतरलं. ती — माझ्या दुप्पट!

पाद्रीणबाई काट्याशेजारी उभ्या राहून ओरडल्या, "मेलियामे, तू तर दिसेनाशी होशील!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. गाल दुखले.

मी दिवसभर नीट असते. दुपारी मासा, टॅरोचा उकडलेला कंद, तोही अर्धाच. माझा घात करते ती संध्याकाळ. ऊन उतरलं, घर रिकामं झालं की पोटात नाही, तोंडात भूक लागते. नुसतं काहीतरी चावत बसावंसं वाटतं. आणि नेमकं तेव्हाच ते ताट येतं.

९ ऑगस्ट, रविवार

दुपारी जमिनीतल्या भट्टीतलं जेवण. अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि डब्यातलं मांस. दोनच पुड्या घेतल्या. मला वाटलं, जिंकलं!

संध्याकाळी गावात एकटी बेकरी उघडी. वास थेट ओसरीपर्यंत. मी दात घासून तोंड बंद करून बसले. तर मेलियामे हजर — गरम पाव, त्यावर बोटभर लोणी. "रांगेत उभी होते, म्हटलं तुझ्यासाठीपण घेऊ."

दुसऱ्यांदा दात घासले ते झोपताना.

१३ ऑगस्ट

युक्ती केली. कडक बिस्किटांचा डबा पेटीत कुलूपबंद आणि किल्ली सितिवेनीकडे. तो गेला कावा प्यायला, किल्ली खिशात. छान. मी लिंबाच्या पानांचा चहा केला, बिनसाखरेचा, आणि चटई विणायला बसले. तासभर काही खाल्लं नाही!

मग ताट आलं. फायकाकाई. नारळाच्या पाकात बुडवलेले पिठाचे उकडलेले गोळे, अजून पाक खदखदत होता.

मी धीर करून म्हटलं, "वन्सं, मी पथ्यावर आहे हो."

"मग मी कुठे नाहीये? म्हणून तर उचलून आणलं. तू एक खा, बाकीचं सितिवेनीला ठेव."

सितिवेनीला! त्याला साखरेची मनाई आहे हे हिला ठाऊक नाही? ठाऊक आहे. म्हणजे मीच खाणार हेही ठाऊक आहे.

२२ ऑगस्ट, शनिवार

आज तिने नवा झगा घातला होता. जुना कमरेत दोन्हीकडून सुटतो म्हणे. चर्चच्या पायऱ्यांवर बायका तिच्याभोवती — काय करतेस, कशी करतेस, सांग ना! ती म्हणाली, "काही नाही गं, संध्याकाळचं बंद केलं."

बंद केलं! ते संध्याकाळचं कुठे जातं ते नाही सांगितलं!

जळते मी. लिहूनच टाकते. तिच्या कमरेवर जळते, तिच्या हसण्यावर जळते. सोआनेचा फोन आला की पहिलं "आत्या कशी आहे?" — त्यावर तर सगळ्यांत जास्त.

सितिवेनीला म्हटलं, "तुमच्या बहिणीला सांगा ना काहीतरी." तो असा बघायला लागला, जसं मी चर्चला आग लावायला सांगितली. "माझ्या बहिणीबद्दल माझ्यासमोर नाही, लेसिएली." आणि गेला कावा प्यायला.

२४ ऑगस्ट

सुचलं! वेड्यासारखी इतके दिवस खात बसले. ताट आलं, मी गोड हसले, "थँक्यू वन्सं" म्हटलं, आणि ती वळली तशी तेच ताट, वर आपलं फडकं टाकून, पाद्रीणबाईंच्या घरी पोचतं केलं. पाद्रीसाहेबांना पाठवलेल्या खाण्याला कोण नाव ठेवणार?

पाद्रीणबाई खूश. मी लिंबाच्या पानांचा चहा.

२९ ऑगस्ट, शनिवार

उतरलं! भराभर! पाद्रीणबाईंनी काटा दोनदा बघितला. मेलियामे अजून पुढे आहे, पण हातभर अंतरावर. तिने माझ्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास!" मला ती थाप जराही आवडली नाही.

पाद्रीसाहेबांचा सदरा मात्र पोटावर ताणलेला दिसला. देव माफ करो.

५ सप्टेंबर, शनिवार

बरोबरीत!!! फक्त एक आठवडा. संध्याकाळी भूक लागते अजून, पण आता ती ओळखीची झालीय. चहा ठेवते, केवड्याची पानं सोलते, पलीकडे चर्चमध्ये गाण्याची तालीम चालते ती ऐकते. सूर संपेपर्यंत भूक निघून जाते. ताट रोज येतं, रोज जातं.

११ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गावचे सरदार येणार, तिकीट त्यांच्या हातून. म्हणजे सगळ्यांनी रीतसर, झग्यावरून कमरेला मानाची चटई बांधून.

मी आईची चटई काढली. केवड्याची, जुनी, बारीक विणीची, दुहेरी. आजीची ती आईकडे आली, आईची माझ्याकडे. असली चटई मेलियामेकडे नाही! सगळ्या मानात ती वर असेल, पण उद्या सरदारांच्या समोर बघू दे कोणाच्या घराण्याची काय वीण आहे ते.

संध्याकाळी ती ताट घेऊन आली. चटई उन्हात टाकली होती ती बघितली. "ही बांधणार? नको गं. हलकं काहीतरी बांध."

आहा! म्हणजे मी तिच्याशेजारी गरीब दिसायला हवी! म्हटलं, "नाही वन्सं, सरदार येतायत, माझ्या आईची शोभा होऊ दे."

तिने ताट ठेवलं. वळली. गेली.

१२ सप्टेंबर, शनिवार

हरले.

एका किलोने. तिचं आठ उतरलं, माझं सात.

ती कियेकिये बांधून आली होती, कमरेला नुसत्या सुटणाऱ्या झालरी. ती बांधली तरी रीतसरच, कोणी नाव ठेवत नाही. मी आईची दुहेरी चटई बांधून काट्यावर चढले. चढताना कळलं. पाय काट्यावर होता आणि कळलं! पण सरदारांसमोर, पाद्रीसाहेबांसमोर कमरेची चटई कोण सोडेल? त्यापेक्षा झगा काढलेला बरा.

टाळ्या. सरदारांनी तिला तिकीट दिलं. ती रडली. मी टाळ्या वाजवल्या.

१४ सप्टेंबर

चिन्याच्या दुकानात गेले. कांद्याच्या काट्यावर चटई ठेवली. दोन किलो आणि वर थोडं.

तो म्हणाला, "विकायचीय का?"

मी जिंकले होते! आणि कोणाला सांगू? नवऱ्याच्या बहिणीविरुद्ध तोंड उघडलं तर नवरा घरात राहायचा नाही. आणि सांगितलं तरी काय सांगू, तिने मला हलकं बांध म्हटलं होतं आणि मी ऐकलं नाही?

संध्याकाळी पेटीचं कुलूप फोडलं. बिस्किटं. डबा संपेपर्यंत. लोण्यासकट.

१७ सप्टेंबर, गुरुवार

मेलियामे आली. हातात ताट नव्हतं. पहिल्यांदा. सितिवेनी मागच्या दाराने बाहेर.

"लेसिएली, मी शनिवारी निघते. तुझ्या आईची चटई मला दे."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. भावाच्या घरातलं काहीही मागायचा हक्क तिला आहे. नाही म्हणायचा मला नाही. पण चटई! माझ्या आईची! तिकीट घेतलं, बाळाचं नाव घेणार, बाळाला पहिलं मांडीवर घेणार, आता एवढंही शिल्लक ठेवायचं नाही!

घडी करून दिली. ती म्हणाली, "जपून नेईन." मी दार उघडून धरलं. तोंड उघडलं असतं तर जन्माचं वैर झालं असतं.

रात्री काही खाल्लं नाही. भूकच नव्हती.

३ ऑक्टोबर, शनिवार

सोआनेचा फोन. मुलगी झाली! फोटो पाठवलाय. आईच्या चटईवर निजवलीय, मुठी आवळून.

मेलियामेने काल रात्रीच नाव ठेवलं.

लेसिएली.

मला विचारलंसुद्धा नाही!