लाल आकडा सोमवारी

ता. ९, गुरुवार, सकाळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, तूही असशील असं धरून चालतो.

एक सण चार दिवस पुढे सरकवायला काय लागतं? अकरा अर्ज, तीन बैठका आणि माझ्या चपलांचा एक जोड. एवढ्यात भागलं, असं मी गावभर सांगत फिरलो. खरा हिशेब खाली येतोच आहे.

जुन्या तारखेप्रमाणे सण आडवारी यायचा, तुला रजा मिळायची नाही. चार वर्षं तुझं ताट वाढलं गेलं नाही. म्हणून मी गावच्या उत्सव समितीच्या हात धुऊन मागे लागलो: सण सोमवारी घ्या, जोडून सुट्टी येईल, लांबची माणसं घरी येतील. मान्य झालं. छापखान्यात मी छाती फुगवून म्हणालो, "कॅलेंडर मी छापतो आणि आता तारखाही मीच ठरवतो!" मशीनवाला म्हणाला, "मालक, मग पगाराचीही जरा अलीकडे ओढा की."

आईला वाचता येत नव्हतं, पण लाल आकडा कळायचा. नवं कॅलेंडर लागलं तसं तिनं माझी प्रुफं तपासायची लाल पेन्सिल उचलली आणि जुन्या तारखेच्या गुरुवारभोवती गोल काढला. मी हसलो. "अगं आई, आमच्या धंद्यात लाल गोल म्हणजे चूक!"

"मग बरोबरच काढलाय," ती म्हणाली.

शनिवारी फोनवर तुला सांगितलं, आई रात्री झोपेत गेली, काही बोलली नाही. झोपेत गेली हे खरं.

त्या गुरुवारी ती पहाटेच उठली. माझे कान तुला ठाऊक आहेत. भिंतीपलीकडून कपाटाचं दार वाजलं, मग खुर्ची ओढल्याचा आवाज. बाहेर येऊन बघतो तर ठेवणीतले कपडे घालून दाराशी बसलेली.

"धाकटीला फोन लाव. आज ये म्हणावं."

"आई, सोमवारी येतेच आहे ती. चार दिवसांनी काय बिघडतंय?"

दुपारी पुन्हा म्हणाली. मी प्रुफात डोकं घालून 'हो हो' केलं. संध्याकाळी तिची पावलं आत गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही.

मी फोन लावला नाही, धाकटे. आई बोलावतेय म्हटल्यावर तू रजा न मागताच निघाली असतीस. शुक्रवारी पोचलीही असतीस.

रविवारी आल्या आल्या तू विचारलंस, खुर्ची दारात का? मी म्हणालो, झाडताना राहिली असेल.

रडू येत नाही. मशीन चालतं, मी कागद मोजतो, वाढलं की जेवतो. खुर्ची अजून तिथेच आहे, वळसा घालून जातो.

काल समितीचं पत्र आलं. तक्रारी फार झाल्या. पुढच्या वर्षापासून सण पुन्हा जुन्याच तारखेला.

तुझा, फोन न लावलेला,
दादा