नाकाओ सोमवारी घरी का येत नाही

२ जुलै, मंगळवार. सकाळी ६
काल सामना नव्हता, म्हणून हरलो नाही. परवा हरलो. त्याआधीचे आठही हरलो. सहा संघांच्या बेसबॉल लीगमध्ये आमचे कुसाउराचे पाणकावळे सहावे. सातवी जागा असती तर तीही आम्हीच पटकावली असती. परवा आठव्या डावापर्यंत चार धावांची आघाडी होती! कोळी पाणकावळ्याच्या गळ्यात दोरी बांधतात, त्यामुळे त्याला पकडलेला मासा गिळता येत नाही. संघाला हे नाव ठेवणाऱ्याला पुढचं सगळं दिसत असणार.

मी, तोकुजी इवामोतो, वय एकसष्ट, जुन्या पुस्तकांचा दुकानदार, मैदानामागच्या स्टँडमधून गाण्या-घोषणांनी संघाला चेतवणाऱ्या घोषदलाचा एकतीस वर्षं प्रमुख, आज लिहून ठेवतो की मला भीती वाटत नाही. सेनापती बदलतात, सैन्यं पळतात. शब्द टिकतात.

फक्त एक गोष्ट. मे महिन्यात मी नाकाओचं गाणं लिहिलं. प्रत्येक फलंदाजाचं आपलं गाणं असतं. तो बॅट घेऊन उभा राहिला की सगळा स्टँड ते म्हणतो. रेंतारो नाकाओ, चोवीस वर्षांचा, आमच्याच बाजारगल्लीतला. गाण्याआधी दर तीन वेळांत एक हिट. गाण्यानंतर सव्वीस वेळा उभा राहिला, एकही नाही.

योगायोग.

संकल्प: आजपासून जास्त मोठ्याने गायचं.

४ जुलै, गुरुवार
जास्त मोठ्याने गायलो. शून्य–नऊ. नाकाओ चार वेळा बाद. चौथ्यांदा परत जाताना त्याने आमच्या स्टँडकडे पाहिलं. माझ्याकडे. अंतर शंभर मीटर, पण माझ्याकडेच.

सुगिताला विचारलं, पाहिलंस? सुगिता आमचा ढोलवाला, पेशाने दातांचा डॉक्टर. म्हणाला, तुमच्या डोक्यावर स्कोअरबोर्ड आहे, प्रमुख. आम्हीही अधूनमधून बघतो, विश्वास बसत नाही म्हणून.

डाव्या दाढेत कळ येते आहे. सुगिताला बोललो नाही, तरी त्याने ओळखलं. म्हणाला, या एकदा खुर्चीत, तुमचं भाषण मध्येच थांबवायची संधी मला या जन्मात तेवढीच.

दाढ आपोआप बरी होईल.

८ जुलै, सोमवार
सोमवारी सामना नसतो. दुकानात बसून पुढच्या भाषणाचा मसुदा करत होतो. साडेअकराला किनुकोबाई आल्या. नाकाओची आई. तीन दुकानं सोडून पलीकडे त्या बटाट्याचे कोरोक्के तळतात. हातात झारा होता. झारा कशाला आणला, हे विचारायची ती वेळ नव्हती.

म्हणाल्या, इवामोतोसान, रेंतारो दर सोमवारी खेळाडूंच्या वसतिगृहातून माझ्याकडे जेवायला यायचा. सहा सोमवार झाले, फिरकला नाही. फोन केला की म्हणतो सराव आहे. तुम्ही त्या गाण्यात काय लिहिलंय? म्हणा बघू माझ्यासमोर.

मी म्हटलं, अशी गाणी दुकानात म्हणायची नसतात.

त्यांनी झारा काउंटरवर ठेवला. मी म्हणून दाखवलं.

मार नाकाओ, समुद्रापार!
हात हलवत आलास तर बंद घराचं दार!

मग म्हणाल्या, ते दार माझं आहे. तुम्ही कोण बंद करणारे?

रणांगणावर मुलगे पाठवणाऱ्या मातांचे इतिहासातले तीन दाखले दिले. म्हणाल्या, त्या मातांना कुणी विचारलं होतं का? आणि ओळ बदला. झारा उचलून गेल्या. काउंटरवर तेलाचा गोल डाग.

माझी बायको फुमिए मागच्या खोलीतून ऐकत होती. म्हणाली, अहो, सहा सोमवार म्हणजे फार झाले. मी मनात म्हटलं, बायकांना तत्त्व कळत नाही.

ठराव: ओळ बदलणार नाही. चार हजार माणसं जी ओळ म्हणतात ती मोसमाच्या मध्यात बदलणं ही शरणागती आहे.

९ जुलै, मंगळवार
स्टेशनला देवळाच्या मागच्या वाटेने गेलो. अकरा मिनिटं जास्त लागतात. चालणं तब्येतीला चांगलं. किनुकोबाईंच्या दुकानावरून न जाण्याचा याच्याशी संबंध नाही.

१२ जुलै, शुक्रवार
देवळाच्या वाटेवर किनुकोबाई समोरून आल्या. आभाळ कोरडं होतं, तरी मी छत्री उघडून पुढे धरली. त्या म्हणाल्या, इवामोतोसान, छत्रीखाली तुमचे घोषदलाचे पांढरे हातमोजे दिसतायत. आणि सोमवार येतोय, सातवा.

ही भीती नव्हे. सावधगिरी.

१४ जुलै, रविवार
हरलो. नाकाओ आता बेचाळीस वेळांत शून्य. मॅनेजरने पेपरवाल्यांना सांगितलंय, पुढच्या रविवारपर्यंत हिट नाही तर त्याला खालच्या संघात पाठवणार. हा मॅनेजर संघ पाच धावांनी मागे असतानाही नुसती बॅट टेकवून चेंडू हळूच ढकलायला सांगतो. एरवी मी त्याच्यावर पाऊण तास बोललो असतो. आज बोललो नाही.

आयुष्यभर सांगत आलो की शब्दात सामर्थ्य असतं. पत्रकांनी गाद्या उलथल्या, एका घोषणेने सैन्यं माघारी फिरली, हे मी स्टँडच्या पायऱ्यांवर उभं राहून हजार वेळा ओरडलोय. मग आज नाकाओ बॅट घेऊन आला, चार हजार गळ्यांनी त्याला सांगितलं की दार बंद आहे, आणि माझ्या मनात आलं, हे खरं असेल तर? शब्दात खरंच तेवढी ताकद असेल तर?

शिट्टी दातांत होती. मी फुंकत नव्हतो, तरी ती वाजत होती. हनुवटीच थरथरत होती. सुगिताने ढोल थांबवून पाहिलं. मी म्हटलं, दाढ.

१५ जुलै, सोमवार
सातवा. आला नाही.

मी मुद्दाम बघत नव्हतो. खिडकीकडचं शेल्फ लावत होतो. किनुकोबाईंनी बाराला एक ताट वाढून झाकून ठेवलं. दोन वाजता झाकण उचलून बघितलं, जणू तो झाकणाखालीच येऊन बसलेला असेल. पाचला उभ्याउभ्या स्वतः खाल्लं. शेल्फ लावायला पाच तास लागले.

१८ जुलै, गुरुवार
ओळ बदलायचं ठरवलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही. डावपेच म्हणून.

सकाळपासून चौदा ओळी लिहिल्या. पाचांत ज्वालामुखी आला, तीन ओळींत तलवार. मोठ्याने वाचून दाखवल्या. फुमिए सोयाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

मार नाकाओ, समुद्रापार!
नाही लागला तरी उघडं आहे दार!

मी म्हटलं, ओळ दुबळी आहे. यात संघर्ष नाही. ती म्हणाली, बरं, नका घेऊ. मग मी लिहून घेतली. माझ्या अक्षरात बरी वाटते.

संध्याकाळी दलाच्या मीटिंगमध्ये माझी ओळ म्हणून मांडली. सुगिता म्हणाला, प्रमुख, ही तुम्ही लिहिलीत? यात कुणी मरत नाही. एकमताने मंजूर.

२१ जुलै, रविवार
चार हजार चिठ्ठ्या वाटल्या. नवव्या डावात शून्य–सात असताना नाकाओची शेवटची पाळी. संघ हरलेलाच होता. आज प्रश्न फक्त त्या मुलाचा होता. मी हात वर केला आणि सगळा स्टँड गायला. शेजारचे एक आजोबा चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून म्हणत होते आणि रडत होते.

तीन चेंडू, तीन स्ट्राइक. बाद.

पण मग तो थांबला. हेल्मेट काढलं आणि आमच्या स्टँडकडे तोंड करून कमरेतून वाकला. माझ्याकडे. या वेळी स्कोअरबोर्डचा प्रश्नच नव्हता.

खालच्या संघात गेला. असू दे. मी त्याला घरापासून तोडलं होतं, मीच मोकळं केलं. उद्या तो घरी येईल. मी जाऊन त्याची माफी मागणार, ताठ मानेने. चार पानांचं भाषण तयार आहे. तो माझ्या तोंडावर म्हणाला, तुम्ही माझं वाटोळं केलंत, तर? त्यालाही उत्तर तिसऱ्या पानावर आहे.

२२ जुलै, सोमवार
आला.

किनुकोबाईंनी दुकानातून झारा हलवून मला बोलावलं. चारही पानं घेऊन गेलो. नाकाओ टेबलाशी बसून डाव्या हाताने कोरोक्का खात होता. उजवं मनगट पट्टीत. मे महिन्यात बेसवर घसरताना दुखावलेलं. जागा जाईल म्हणून संघापासून लपवलं. आईपासून लपवता आलं नसतं, ती जेवणाच्या काड्या धरलेल्या हाताकडे बघूनच ओळखते. म्हणून सगळे सोमवार टाळले. काल सामन्यानंतर संघाच्या डॉक्टरने पकडलं. सहा आठवडे विश्रांती.

किनुकोबाई रडत होत्या आणि वाढत होत्या. गाढवा, म्हणत होत्या, हात मोडला म्हणून काय मी तुला उपाशी ठेवणार होते? खा!

मी पहिलं पान उघडलं. म्हटलं, रेंतारो, त्या ओळीबद्दल.

तो म्हणाला, कुठली ओळ, काका?

गाण्यातली.

तो ओशाळला. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, रागावू नका काका, पण खाली उभं राहिलं की शब्द ऐकूच येत नाहीत. नुसता गोंगाट. ढोल मात्र काय सुरेख ऐकू येतो! धीर येतो त्याने. काल निघताना वाकलो ना, ते त्यालाच. कोण वाजवतं?

मी पानं घडी करून खिशात ठेवली. म्हटलं, आहे एक दातांचा डॉक्टर.

किनुकोबाईंनी माझ्यापुढेही ताट ठेवलं. चौथ्या कोरोक्क्याला दाढ गेली. अर्धी ताटात पडली.

उद्या सकाळी दहाला सुगिताकडे. तोंड पूर्ण उघडं ठेवायचं आणि त्याला काही म्हणजे काही सांगायचं नाही.