पायगुणाची परीक्षा

मु. पासली, पेटा वेल्हे
मार्गशीर्ष, शके १८५८

तीर्थस्वरूप ज्ञानूमामांस, भाचा (आणि आपल्याच कृपेने जावई) सावळा याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. थंडीने तुमचा दमा वाढला नसावा. आंबवड्यातली भातझोडणी उरकली असेल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. पत्र वाचून दाखवणारासही नमस्कार.

श्रावणात आमच्या शेळ्या मरू लागल्या, हे कानावर आलेच असेल. गळ्याखाली पाणी भरायचे, शेळी खंगायची आणि एके सकाळी उठायचीच नाही. आबांनी गावातल्या चार शहाण्यांना विचारले आणि ठरले की हा नव्या सुनेचा पायगुण. म्हणजे तुमच्या सोजराचा. आईनेही मान डोलावली. (सख्ख्या भावाची लेक हट्टाने सून करून आणली कोणी, हे ती सोयीस्कर विसरली.) संक्रांतीला सोजराला माहेरी पोचवायची आणि परत आणायचीच नाही, असा बेत झाला. मला कुणी विचारले नाही. मामा, मला फार राग आला. पण आबांपुढे तोंड उघडायची माझी छाती नाही, म्हणून मी शास्त्राच्या आड उभा राहिलो.

पुण्यात मास्तरकी शिकताना आम्हांला सांगत, की आधी शंका नीट मांडावी, मग अंदाज बांधावा, आणि मग दोन बाजू अगदी सारख्या ठेवून एकाच गोष्टीत फरक करून पाहावे. मी आबांना म्हटले, उरलेल्या शेळ्या निम्म्या करू. निम्म्या आईने राखाव्यात, निम्म्या सोजराने. पाय वाईट असतील तर तिच्याच मरतील. आबांना पटले, कारण त्यांना निकाल आधीच ठाऊक होता. बाकी काही बदलू नकोस, असे मी आईला परोपरीने बजावले. ती हो म्हणाली, आणि मी शाळेत गेलो की ईर्षेने आपल्या शेळ्या ओढ्याकाठच्या पाणथळ हिरव्या गवतात चारू लागली. सोजराच्या वाट्याला डोंगरमाथ्याचे वाळके गवत.

कार्तिक सरेपर्यंत आईच्या शेळ्यांचे गळे फुगले, सोजराच्या शेळ्या मात्र बांधावरून उड्या मारीत होत्या. तेव्हा मी जुन्या बाजारातून आणलेले सूक्ष्मदर्शक यंत्र ओट्यावर मांडले. लेंड्या पाण्यात कालवल्या, गाळ बसू दिला, त्याचा थेंब काचेवर घेतला. आईच्या शेळ्यांच्या थेंबात पिवळसर अंडीच अंडी, सोजराच्यात एखाददुसरे. यकृत पोखरणाऱ्या चपट्या जंताची ती अंडी, आणि तो जंत पाणथळ गवतातून पोटात जातो. आबांनी भिंगाला डोळा लावला, स्वतःच्या पापणीचे केस पाहिले आणि “दिसला रोग” म्हणून उठले. आईला मात्र बरोबर दिसले. ती बराच वेळ वाकून होती.

शास्त्राची अडचण ही, की निकाल सर्वांना हवा असतो आणि कारण कुणालाच नको असते. गवताचे नाव कुणी घेईना. आबा आईला शांतपणे म्हणाले, “मंजी सुनंचा न्हाई, तुजाच पायगुण वंगाळ.” इतक्या वर्षांच्या संसारानंतर! मी म्हटले, एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या, आता गवताची अदलाबदल करून पुन्हा पाहू. कुणी ऐकले नाही. असो. सोजरावरचा आळ गेला, तुम्ही निश्चिंत असावे. आई जरा रागावली आहे, इतकेच.

वडीलकीची नजर असू द्यावी.

आपला,
सावळा

ता. क. : आई जरा रागावली म्हणजे पहाटेच गाठोडे बांधून तुमच्याकडे निघाली. हे पत्र तिच्यासमोर वाचू नये.

आणखी ता. क. : सोजराही गेली. “आत्याबाई, म्या बी येते. बघू मग कुणाच्या पायानं मरत्यात,” म्हणाली. सुनेला माहेरी धाडू नये म्हणून एवढा प्रयोग केला, ती सासूला घेऊन माहेरी पोचली.

शेवटचे : टपाल निघायचे राहिले म्हणून लिहितो. आज आणखी एक शेळी मेली. घरात दोघींपैकी कुणाचेच पाय नव्हते. आबा तिच्याजवळ बसून राहिले. मग मला म्हणाले, “लिव ज्ञानूला. दोगींस्नी घिऊन ये म्हनावं. पाय धुवाया पानी म्या सोता दीन.”